मदत हवी आहे: 'पेरॅडव्हेंचर'चा अर्थ आणि मूळ

शुभदा_क: आज संध्याकाळपर्यंत भाषांतर द्यायचंय आणि 'पेरॅडव्हेंचर' या शब्दावर अडलेय. मोबाइल 'कदाचित' सांगतो, ते बसत नाही. अर्थ आणि मूळ दोन्ही हवंय. प्लीज लवकर.

बोरूबहाद्दर: वाक्य द्या. कशाचं भाषांतर आहे?

सह्यकडा: सरळ आहे की, 'ॲडव्हेंचर' म्हणजे धाडस. 'धाडसाने' लिहा.

मायकेल_वसईकर: धाडसाचा काही संबंध नाही. 1611च्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाला विनवतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? असं करत दहापर्यंत येतो. तिथे हाच शब्द आहे, अर्थ 'कदाचित'. मोबाइल बरोबर सांगतोय.

शुभदा_क: अहो, पण बसत नाहीये ना!

जुना_वाचक: मोल्सवर्थचा शब्दकोश उघडा. सगळं मिळतं.

बोरूबहाद्दर: मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी आहे, इथे उलटं हवंय. त्यासाठी मोल्सवर्थनी सुरू केलेला आणि कँडींनी पुरा केलेला 1847चा कोश बघावा. शुभदाताई, वाक्य?

नाशिककर: भाषांतर कोर्टात द्यायचं असेल तर नोटरी करून घ्या.

शुभदा_क: नोटरीचं विचारलंच नाहीये. निकालपत्र आहे. 'बियाँड पेरॅडव्हेंचर ऑफ डाउट' सिद्ध झालं, असं वाक्य.

बोरूबहाद्दर: हे आधी सांगायचं! इथे ते नाम आहे: शंका, अनिश्चितता. मूळ जुनं फ्रेंच 'पार आव्हांत्यूर', म्हणजे योगायोगाने. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या इंग्रजीत 'ड' नाही, तो पुढे लॅटिन वळणावर घुसवला. योगायोगाने, म्हणून कदाचित. आणि 'कदाचित'ला जिथे जागा उरते ती शंका.

मायकेल_वसईकर: 'परहॅप्स'ही तसाच. त्यातला 'हॅप' नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतला, अर्थ नशीब. 'हॅपी'सुद्धा त्याच घरातला.

शुभदा_क: मग 'वाजवी संशयापलीकडे' लिहू?

वकीलीण: अजिबात नको! ती 'रीझनेबल डाउट'ची, फौजदारी पुराव्याची कसोटी आहे. निकालात नसलेली कसोटी तुमच्या भाषांतरातून आत शिरेल. 'निःसंशयपणे सिद्ध झाले आहे' एवढंच लिहा. मुळात 'शंकेची शंका' अशी द्विरुक्ती आहे, आपल्या न्यायालयीन इंग्रजीत ती दिसते. मराठीत दोनदा आणायची गरज नाही.

सह्यकडा: पण ॲडव्हेंचरचा अर्थ धाडसच ना?

बोरूबहाद्दर: आज, हो. आधी 'जे घडून येतं ते', मग जोखीम, मग धाडस.

शुभदा_क: 'निःसंशयपणे' टाकलं. पाठवतेय, आभार.