१९७३ च्या फोक्सवॅगन टी२ कॅम्परला लूव्हर्सच्या खिडक्या: पत्रा, बिडिंग आणि काचपट्ट्या

नेकारकाठी

नमस्कार मंडळी. गाडी १९७३ ची टी२, स्टिअरिंग डावीकडे, सरकतं दार उजवीकडे. मागच्या भागातल्या सगळ्या काचा पक्क्या, एकही उघडत नाही. आत चहा ठेवला तरी काचांवर पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत गाद्या दमट होतात. म्हणून चालकामागची मधली खिडकी आणि सरकत्या दाराची खिडकी, या दोन ठिकाणी लूव्हर्स (नॉबने उघडणाऱ्या आडव्या काचपट्ट्यांची खिडकी) बसवायचे आहेत.

त्याच काळातल्या, वेस्टफालिया कंपनीने सजवलेल्या कॅम्परमधून काढलेली जोडी मिळाली आहे. चौकटी अॅल्युमिनियमच्या, वाकलेल्या वाटत नाहीत. एका चौकटीतली एक काचपट्टी गायब आहे, दुसऱ्या चौकटीचा नॉब फिरतो पण पट्ट्या हलत नाहीत, जाळ्या फाटल्या आहेत.

विचारायचं असं:
पत्रा कापावा लागतो का? जुन्या काचेचं बिडिंग (काच पत्र्यात धरणारं कडेचं रबर) चालेल का? हरवलेली पट्टी साध्या काचवाल्याकडून कापून घेतली तर? आणि गाडी जर्मनीत आहे, एच-नंबरप्लेटवर (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची प्लेट), तर तपासणीत अडचण येईल का?

---

पत्राठोक

पत्रा कापायची गरज नाही. ज्या खाचेत आज पक्की काच बसली आहे त्याच खाचेत लूव्हर्सची चौकट बसते. वेस्टफालियावालेही फोक्सवॅगनच्या हॅनोव्हर कारखान्यातून आलेल्या त्याच बॉडीवर काम करायचे. मात्र दोन्ही खिडक्या तंतोतंत सारख्या असतील असं धरून चालू नका. पन्नास वर्षांत गाडीला कुठे ना कुठे ठोकर बसलेली असते, पत्रा बदललेला असतो. दोन्ही खिडक्यांचे पुठ्ठ्याचे साचे कापा आणि चौकटीवर ठेवून बघा. कर्णही मोजा. चौकटीच्या दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ती तिरकी झाली आहे आणि पट्ट्या अडकणारच. ती आधी सपाट फळीवर सरळ करा.

जुनं बिडिंग टाकून द्या. एक तर ते कडक झालेलं असतं, आणि दुसरं म्हणजे त्याची आतली खाच काचेच्या जाडीची असते, चौकटीच्या कडेची नाही. लूव्हर्सच्या चौकटीसाठीचं बिडिंग वेगळं मागवा. मागवण्याआधी चौकटीच्या कडेची जाडी व्हर्नियरने मोजून ठेवा. कोपरे साच्यात घडवलेलं रबर मिळालं तर तेच घ्या, मीटरवर कापून मिळणारं रबर कोपऱ्यात सुरकुतते.

काच काढताना बिडिंगची बाहेरची लिप (पत्र्यावर टेकणारी रबराची कड) चाकूने सगळीकडून कापा आणि आतून दोन तळहातांनी दाबत काच बाहेर सोडा. बाहेर एक माणूस हातमोजे घालून उभा हवाच. काच नीट ठेवा, पुढे कधी गाडी मूळ रूपात आणायची झाली तर लागेल.

आता खरं काम. बिडिंग निघालं की खालच्या कडेच्या दोन्ही कोपऱ्यांत गंज दिसेल. टी२ मध्ये तिथे पाणी साचतं आणि रबराखाली वर्षानुवर्षं दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. रंगाचा फुगा फुटून खाली कडक पत्रा लागला तर वायर ब्रशने घासून काम भागेल. टोक आरपार गेलं तर तेवढा तुकडा कापून नव्या पत्र्याचं वेल्डिंग करायचं. तिथे पुटी अजिबात लावू नका. ही कड म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकत्र. त्यावर पुटी चढली की कड जाड होते, रबराच्या खाचेत पुरती शिरत नाही, लिप उचललेली राहते आणि पहिल्याच पावसात नेमका तोच कोपरा गळतो. वेल्डिंगचे उंचवटेही म्हणूनच घासून सपाट करायचे.

घासून झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, दोन पत्र्यांच्या फटीत सीम सीलर (सांधा बुजवणारा लेप), मग रंग. रंगाला किमान आठवडा द्या. ओल्या रंगावर दोरी ओढली की रंग सालीसारखा निघतो आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो.

---

काचकाम_मँचेस्टर

पट्टीबद्दल लिहितो, कारण तिथे बरेच जण पैसे वाचवायला जातात.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला ज्या लूव्हर्सच्या काचा असतात, दिसायला हेही तसंच आहे. पण ती साधी काच. फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे पडतात, आणि इथे खिडकीशेजारी माणूस झोपणार आहे. गाडीत टफन्ड काचच लागते, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, फुटली तरी बारीक दाणे होणारी. ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, घासताही येत नाही, लगेच चुरा होतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी मापाने कापणं, मग कडा गोल घासणं, मग टफनिंग. माप चुकलं तर पट्टी वाया.

नमुना म्हणून त्याच चौकटीतली दुसरी पट्टी काढून द्या, कागदावर लिहिलेलं माप देऊ नका. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजा, आणि चौकटीतल्या सगळ्या पट्ट्या मोजा, कारण मधल्या काळात कुणी तरी एखादी बदललेली असू शकते. लांबीत १ मिमी कमी चालेल, जास्त मुळीच नको. लांब पट्टी दोन्ही टोकांना टेकली की खड्ड्यात बॉडी पिळवटते तेव्हा ती तडकते. फार आखूड झाली तर क्लिपमधून निसटते. कोपऱ्यात सुरक्षा काचेची कायमची खूण उमटवून मागा. ती टफनिंगच्या आधी उमटवावी लागते, नंतर लावलेला स्टिकर तपासणीत उपयोगाचा नाही.

क्लिपच्या ज्या जिभा पट्टीला धरतात त्या वाकवताना सपाट पकड वापरा आणि लागेल तेवढंच वाकवा. जुनं अॅल्युमिनियम एकदा वाकतं, परत सरळ करताना तुटतं.

---

पत्राठोक

न हलणाऱ्या यंत्रणेबद्दल राहिलं. नॉब एक छोटा वर्म गिअर फिरवतो, त्यावरून एक उभी दांडी वर-खाली होते आणि दांडीला प्रत्येक पट्टीची क्लिप जोडलेली असते. आधी दांडी गिअरपासून सोडवा. आता पट्ट्या हाताने हलल्या तर दोष गिअरमध्ये, दात झिजलेले असतील. नाही हलल्या तर क्लिपच्या खिळ्यांवर पांढरी बुकटी धरली आहे, अॅल्युमिनियमचा गंज. तिथे पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा आणि एकेक क्लिप अगदी थोडी थोडी पुढेमागे करा. नॉबने जोर लावू नका, गिअर चांगला असेल तर तोही जाईल.

साफसफाईला साबण आणि नायलॉनचा ब्रश. कॉस्टिक असलेला ओव्हन क्लीनर अॅल्युमिनियम खातो, आणि लोखंडी काथ्याचे कण चौकटीत अडकून पुढे तांबडे डाग देतात. स्टेनलेसचे नवे स्क्रू लावणार असाल तर प्रत्येकाला अँटी-सीझ (स्क्रू जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू कायमचा धरतो.

---

नेकारकाठी

खूप आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दांडी सोडवून बघितली, पट्ट्या हाताने हलत नाहीत, म्हणजे बुकटीच. तेल सोडून ठेवलं आहे.

चौकट गाडीत बसवताना पट्ट्या आत ठेवून बसवायची की काढून?

---

पत्राठोक

ठेवून. पट्ट्या बंद करा आणि मास्किंग टेपने बांधा. पट्ट्यांविना चौकट फार लवचिक होते, दाबताना तिरकी बसते आणि मग पट्ट्या परत लावताना अडकतात.

पद्धत अशी. बिडिंग चौकटीवर चढवा, गाडीवर नाही. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवलेलं रबर सहज चढतं. बाहेरच्या खाचेत ४ ते ५ मिमीची गुळगुळीत नायलॉन दोरी सगळीकडून फिरवा. टोकं खालच्या कडेच्या मध्यावर येऊ द्या, एकमेकांवरून वीसेक सेंटीमीटर गेलेली आणि आतल्या बाजूला लोंबणारी. रबराला आणि पत्र्याच्या कडेला भांडी घासायच्या लिक्विडचं दाट पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं.

बाहेरचा माणूस चौकट खालच्या कडेवर टेकवून दाबेल, आतला दोरी ओढेल. दोरी बॉडीला समांतर ओढली तर रबर कापलं जातं. ती खिडकीच्या मध्याकडे, काटकोनात ओढायची. एका हाताएवढी दोरी निघाली की बाहेरच्याने तिथेच तळहाताने थोपटायचं, मग पुढे. खालची कड, दोन्ही कोपरे, बाजू, सगळ्यात शेवटी वरची कड. दाब फक्त चौकटीच्या कडेवर, काचेवर कधीच नाही.

---

वातकुक्कुट

पट्ट्यांच्या बाबतीत पत्राठोक यांच्याशी मी सहमत नाही. वरचा कोपरा बसत नसला की बाहेरच्या माणसाचा हात नकळत मध्यावर जातो आणि तिथे काच असते. मी पट्ट्या काढायला सांगेन, आणि त्यांच्या जागी चौकटीच्या आतल्या मापाची १२ मिमी प्लायवुडची फळी बसवायला. चौकट तिरकी होत नाही, दाबायला टणक जागा मिळते, काचेचा धोका नाही. फक्त तुमच्या क्लिप नाजूक झाल्या असतील तर पट्ट्या काढू-घालूच नका, त्या बाबतीत पत्राठोक यांचीच पद्धत बरी.

कुठलीही पद्धत घ्या, चौकट गाडीत जाण्याआधी टेबलावर दोन परीक्षा करा. अंधारात मागून टॉर्च लावा, प्रकाशाची रेघ दिसली तिथून पाणी येणार. मग वर्तमानपत्राची पट्टी दोन काचांमध्ये ठेवून खिडकी बंद करा आणि ओढा. ती सगळ्या लांबीभर सारखी अडकली पाहिजे. एका टोकाला सुटत असेल तर त्या बाजूची क्लिप वाकलेली आहे किंवा पट्ट्यांच्या कडेचं रबर झिजलं आहे. हे टेबलावर दहा मिनिटांत सुधारतं, गाडीत बसल्यावर अख्खी खिडकी काढावी लागते.

दिशाही तपासा. वरच्या पट्टीची खालची कड बाहेरून खालच्या पट्टीवर यायला हवी, पागोळी बाहेर पडेल अशी. चौकटीच्या तळाला पाणी जायला फटी असतात, त्या बाहेरच्या बाजूला आणि मोकळ्या हव्यात. लोक गळतीच्या भीतीने सिलिकॉन फिरवतात आणि याच फटी बुजवतात. मग चौकटीत तळं होतं आणि ते आत सांडतं. शिवाय सिलिकॉनच्या मागे अडकलेलं पाणी पत्रा कुजवतं आणि त्या जागेवर पुढे रंग धरत नाही. गळलंच तर बाहेरच्या लिपखाली न वाळणारं ब्यूटाइल मॅस्टिक, तेही गळतीची जागा सापडल्यावर.

ती शोधायला झारीने पाणी घाला, प्रेशर वॉशरने नको. आत कडेने टिश्यू पेपर चिकटवा आणि पाणी तळापासून सुरू करून हळूहळू वर चढवा. पहिला कागद कुठल्या उंचीला ओला झाला त्यावरून जागा कळते. खिडकीवर पाणी घालून सगळे कागद कोरडे राहिले आणि छताच्या पन्हळीवर घातल्यावर भिजले, तर खिडकी निर्दोष आहे, पन्हळीचा सांधा उघडला आहे. टी२ मध्ये हे नेहमी होतं आणि दोष खिडकीच्या माथी जातो.

---

काचकाम_मँचेस्टर

तपासणीबद्दल: एच-प्लेटसाठी गाडी ३० वर्षांहून जुनी आणि बदल त्या काळाला साजेसे हवेत. लूव्हर्स तर त्याच गाडीवर त्याच काळात बसत होते, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. तरी काम सुरू करायच्या आधी तपासनिसाला चौकटींचे फोटो दाखवा आणि काचेवरच्या खुणा दाखवा. तो काचेची खूणच आधी बघेल.

जाळीला फायबरग्लासची बारीक जाळी आणि खाचेत दाबायची रबरी दोरी घ्या, रोलरने दाबली की ताणून बसते. जाळीची चौकट आतून स्क्रूने आवळा. या खिडक्यांची पट्टी बाहेरून क्लिप वाकवून काढता येते, चोराला ते माहीत असतं, आणि मग आडवी येते ती फक्त जाळीच.

---

नेकारकाठी

सरकत्या दाराच्या खिडकीत वेगळं काही बघायचं का? आणि लूव्हर्स आल्यावर शेगडीसाठी वेगळी हवा लागणार नाही ना?

---

वातकुक्कुट

लागणार. लूव्हर्स थंडीत तुम्हीच बंद कराल. कायम उघडी राहणारी हवेची जाळी वेगळी हवी, शिवाय गॅसच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण गॅस हवेपेक्षा जड आणि खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. वाफेसाठी मात्र दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, समोरासमोर असल्याने हवा आरपार जाते. रिमझिमीतही चालतं.

सरकत्या दारात दोन गोष्टी. दार मागे सरकतं तेव्हा त्याची आतली बाजू मागच्या बाजूच्या पत्र्याजवळून जाते. चौकट नुसती धरून, नॉब किती बाहेर येतो ते मोजा आणि दार पूर्ण उघडून तिथली फट मोजा. नॉब आपटत असेल तर तो काढता येईल असा किंवा घडी होणारा लावा, पत्र्याला पोचा पडल्यावर कळून उपयोग नाही. दुसरं, ते दार आदळून लागतं. पट्ट्या उघड्या असताना दार लावलं की सगळा हिसका क्लिपवर येतो. आधी नॉब फिरवून पट्ट्या बंद, मग दार. रस्त्याला लागतानाही तसंच.

दारातली चौकट आधी करू नका. डावीकडची आधी बसवा, तिथे हात बसेल, आणि दाराची खिडकी दार गाडीवर असतानाच, कुलूप लावून, करा. सुट्या दारावर बसवलेली चौकट दार टांगल्यावर पिळली जाते.