इंदूर : पाडकामातून वाचवलेली सातेरी (पोकळीत राहणारी देशी मधमाशी) पेटीत, तळपाटावर मेणकिड्याची जाळी

मालवा_गच्ची (प्रश्न)
लोकमान्य नगरमधल्या जुन्या घराच्या पाडकामात भिंतीच्या पोकळीतून सातेरीचं मोहोळ काढलं. पाच पोळी चौकटींना दोऱ्याने बांधून आठ चौकटींच्या पेटीत ठेवली, पेटी गच्चीवर आहे. माश्या जेमतेम तीन पोळी झाकतात. तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, काळपट भुसा, त्यात पांढरी जाळी आणि करड्या अळ्या दिसतात. स्टँडवरून मुंग्याही चढतात. पोळ्यातल्या काही बंद घरांच्या मेणाच्या टोपीला मधोमध बारीक भोक आहे, ते व्हरोआ या माश्यांवरच्या परजीवी किड्यामुळे असेल का? डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतील? पावसाळ्यात माश्या पेटी सोडून जातील अशी भीती वाटते.

सातेरी_पेटी
डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांचा वास मेणात मुरतो आणि माश्यांनाही अपाय होतो.

खरी अडचण जास्तीच्या पोळ्यांची आहे. मेणपतंगाची (याचीच अळी म्हणजे मेणकिडा) मादी रात्री आत शिरून फटींत अंडी घालते. माश्या दाट बसलेल्या असतात तिथल्या अळ्या त्या ओढून बाहेर टाकतात, पण न झाकलेल्या पोळ्यावर राखण कोण करणार? म्हणून तीनच पोळी ठेवा. अंडी-अळ्यांची मध्ये, मध-परागाचं कडेला, आणि त्यालगत आडोशाची फळी लावून उरलेली जागा बंद करा. दोन काढलेल्या पोळ्यांत अंडी-अळ्या असतील तर मात्र ती आत ठेवून मधाची काढा.

तळपाट दर आठ-दहा दिवसांनी काढून कोपरे आणि खाचा पटाशीने खरवडा. सातेरी जुनं मेण कुरतडून खाली टाकते आणि अळ्या त्याच भुशावर वाढतात. भुसा गच्चीवर झटकू नका, जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. पोळ्यात बोगदा दिसला तर तेवढाच भाग कापा. बंद घरांच्या टोप्या एका रेषेत उघड्या पडून आत पांढरे कोश दिसत असतील, तर खालून अळी गेलेली असते. तळाशी दिसणारा प्रत्येक पांढरा धागा जाळीच असेल असं नाही, बांधलेला दोरा माश्या कुरतडून खाली टाकतात.

राणी_शोध
टोपीवरचं भोक ही सातेरीच्या नराच्या घरांची नेहमीची खूण आहे, रोग नव्हे. व्हरोआ लालसर तपकिरी, लांबीपेक्षा रुंद, जेमतेम दीड मिलिमीटरचा. तो मुळात याच माशीवरचा आहे आणि तिच्याकडे बहुतेक नरांच्याच घरांत वाढतो, कामकरी माश्या त्याला आवरतात. औषध लागत नाही.

मेणकिड्याच्या मागे लागण्याआधी राणी आहे का ते पाहा. घराच्या तळाशी एकेकटं अंडं दिसलं तर ती आहे. एकाच घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्या अंडी घालू लागल्यात. तसं असेल तर मेणकिडा काढत बसण्यात अर्थ नाही, वसाहत सक्षम वसाहतीत मिसळावी लागेल.

गच्ची_बाग
मुंग्यांसाठी स्टँडचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवा आणि वर थोडं तेल टाका. पावसात वाट्या भरून तेल वाहून जातं, त्यामुळे वर झाकणीसारखा पत्रा लावा. कुंडीतली एखादी फांदी पेटीला टेकली की सगळी मेहनत वाया.

साखर आणि पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, 150-200 मिलिलिटर, पेटीच्या आतच द्या. वर काडी तरंगू द्या, नाहीतर माश्या बुडतात. सकाळपर्यंत उरलं तर काढा, बाहेर सांडलं तर मुंग्या आणि परक्या माश्या लुटायला येतात. प्रवेशद्वार बारीक, दोन बोटं रुंद एवढंच ठेवा, गांधीलमाशीला आत शिरणं अवघड जातं. पेटी वारंवार उघडलीत तर सातेरी मेणकिड्याआधीच निघून जाईल.

मालवा_गच्ची
काढलेल्या पोळ्यांचं काय करावं?

सातेरी_पेटी
चांगली असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये पूर्ण दिवस ठेवा, अंड्यांसकट सगळं मरतं. गंधकाच्या धुरीने अंडी मरत नाहीत. बाहेर काढल्यावर पोळं सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरून बुरशी येते. काळी, ठिसूळ पोळी फडक्यात बांधून पाण्यात उकळा, मेण वर येईल. राहिलेला चोथा त्याच दिवशी पुरा, त्यातही अळ्या वाढतात.