इनकोनेल ६२५ की साधं कार्बन स्टील? सगळीकडे निकेल कशाला?

भोसरी_फॅब्रिकेशन:
मंडळी, एका गिऱ्हाईकाने अख्खी पाइपलाइन इनकोनेल ६२५ ची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची मागितलीये, का तर म्हणे ताकद जास्त. ताकद जास्त आहे हे मान्य, साध्या कार्बन स्टीलच्या ए १०६ ग्रेड बी पाइपची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) किमान २४० मेगापास्कल आणि अनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ६२५ ची ४१४, पण लाइनमधून जाणार काय तर डीएरेटरमधून (पाण्यातला ऑक्सिजन काढणारं भांडं) आलेलं बॉयलर फीडचं पाणी, १०५ अंशाचं! माझं मत सरळ आहे, तिथे कार्बन स्टीलच टाका.

तळोजा_मेंटेनन्स:
दादा, असं सरसकट नका बोलू. समुद्राच्या पाण्यात साधं स्टील वर्षाला सरासरी ०.१ मिमीच्या आसपास जातं, ऐकायला किरकोळ वाटतं, पण गंज सगळीकडे सारखा खात नाही, खड्डे पाडत जातो. मी स्वतः एक स्पूल (पाइपचा जोडून तयार केलेला तुकडा) कापलाय, बाहेरून रंग चकचकीत आणि आत वेल्डच्या कडेला टाचणी आरपार. पाइपचे पैसे मोजता तसा शटडाऊनचा खर्चही मोजा ना.

भोसरी_फॅब्रिकेशन:
खाऱ्या पाण्याला मी नाही म्हणतच नाही. पण माझ्या लाइनमध्ये ना मीठ ना ऑक्सिजन. आणि पाइप झोळ खातोय म्हणून कोणी निकेल घेत असेल तर तेही चूक, इलास्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, दोघांचा जवळपास सारखाच, २०० ते २१० गिगापास्कल, सपोर्ट तेवढेच लागणार.

नाशिक_सीएनसी:
माझं मत भोसरीकरांना. कार्बन स्टीलला कार्बाइड इन्सर्टने (टूलचं बदलता येणारं टोक) कापताना मिनिटाला १५०-२०० मीटर वेगाने आरामात जातो, ६२५ ला तिशीच्या पुढे गेलो की टोक जळतं, कारण उष्णता जॉबमधून बाहेर पडतच नाही, याची उष्णतावाहकता १० च्या आसपास आणि साध्या स्टीलची ५०. त्यात टूल नुसतं घासलं तरी वरचा थर कडक होतो, पुढच्या पासला इन्सर्ट तुटलाच समजा.

तळोजा_मेंटेनन्स:
मशिनिंगला त्रास आहे म्हणून मटेरियल बदलायचं? ४२५ अंशाच्या वर कार्बन स्टील वर्षानुवर्षं ठेवलं की त्यातल्या कार्बाइडचं ग्राफाइट व्हायला लागतं, तिथे जाडी वाढवून काय होणार? कडाक्याच्या थंडीत साधं स्टील ठिसूळ होतं, निकेल होत नाही. आणि खर्चच नडत असेल तर ओव्हरले करा, बाहेर कार्बन स्टील, आतून ६२५ चा ३ मिमी वेल्ड. पहिल्या थरात खालचं लोखंड मिसळतं म्हणून शक्यतो दोन थर मारा. ग्राइंडिंग व्हील वेगळं ठेवा आणि वेल्डच्या आधी ग्रीस, मार्करची शाई सगळं एसीटोनने पुसा, गंधक राहिलं की निकेलला तडे जातात.

भोसरी_फॅब्रिकेशन:
ओव्हरलेचं पटलं, पण खाऱ्या पाण्यासाठी. या लाइनला तोही नको. उद्या गिऱ्हाईकाकडून पाण्याचा रिपोर्ट मागवतो, ऑक्सिजन आणि क्लोराइड दोन्ही, आला की आकडे इथेच टाकतो.