संशोधकांना घडवण्याचं काम

समाजशास्त्रात पीएचडी करून, माझ्यासारखं विद्यापीठात संशोधकांच्या करिअर आणि कौशल्यांसाठी कार्यशाळा घेणं म्हणजे शिक्षण वाया घालवणं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला हे अजिबात पटत नाही. ब्रिटनमध्ये विज्ञान-अभियांत्रिकीतल्या कुशल मनुष्यबळावरच्या २००२ च्या रॉबर्ट्स अहवालानंतर हे काम विद्यापीठांत रुजलं. संशोधकांच्या करिअर-विकासासाठी तिथे केलेल्या करारनाम्याच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत तर संशोधकाला व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान १० दिवस द्यावेत, असं स्पष्ट म्हटलंय. पण ते मागायला धीर लागतो. फील्डवर्कमध्ये मुलाखती घेताना मी गप्प बसून ऐकायला शिकले, तेच इथे रोज कामी येतं. परवा एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर कंत्राटावर काम करणारी संशोधक) सीव्ही दाखवायला आली. अर्ध्या तासाने लॅपटॉप मिटून म्हणाली, "कंत्राट मार्चमध्ये संपतंय, सरांना विचारायची भीती वाटते." सीव्ही राहिला बाजूला. सरांशी कसं बोलायचं, याचीच आम्ही दोन-तीनदा तालीम केली.