शातो पोंते-काने २०१४: बायोडायनॅमिक म्हणजे नक्की काय, आणि कधी उघडू?

चिन्मय_पुणे
आतेभाऊ फ्रान्समध्ये असतो, त्याने यावेळी गणपतीला येताना बोर्दोची रेड वाईन आणलीये, शातो पोंते-काने २०१४. म्हणाला बाग बायोडायनॅमिक आहे, गायीच्या शिंगात शेण भरून पुरतात. हे ऑरगॅनिकपेक्षा वेगळं काय? चवीत खरंच फरक पडतो का? आणि सेलर (वाईन ठेवायची थंड खोली) नाहीये, कपाटात आडवी ठेवलीये, उघडू का थांबू?

बोर्दोवासी
ही बाग बोर्दोच्या मेदॉक भागातल्या पोयाकला आहे, मुतों-रॉथशिल्ड या नामांकित बागेच्या शेजारीच. बोर्दोच्या वाईनच्या १८५५ च्या वर्गवारीत पाचव्या श्रेणीत होती पण आता तिचं नाव त्याच्या बरंच वर घेतात. मालक आल्फ्रेद तेसरों यांनी २००४ मध्ये थोड्या भागात बायोडायनॅमिक सुरू केलं, मग सगळी बाग तशी केली, ८० हेक्टरच्या आसपास आहे ती, म्हणजे हौसेचा तुकडा नाही. ट्रॅक्टरने माती दबते म्हणून घोडे लावले. आणि वाईन सगळी ओकच्या पिंपात मुरवत नाहीत, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास काँक्रीटच्या रांजणात असते, त्यामुळे लाकडाचा वास फळावर चढत नाही. चवीतला फरक मला तरी तिथेच जाणवतो.

द्राक्षवाला_निफाड
चिन्मयभाऊ, शिंगखत आपल्याकडेही सेंद्रियवाले करतात. बायोडायनॅमिकचं मूळ म्हणजे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनरची १९२४ ची व्याख्यानं. शिंगात ताजं शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग चिमूटभर खत पाण्यात तासभर ढवळायचं, एकदा उजवीकडे भोवरा एकदा डावीकडे, आणि जमिनीवर शिंपडायचं. ऑरगॅनिकचे नियम आहेतच, त्यावर हे आणि चंद्राची पंचांगं. एवढ्याशा शेणाने वेलीचं पोषण होतं असं मी मानत नाही, चंद्राचंही पटत नाही. पण माझा मान आहे तो डाऊनीशी, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाशी, ते कसे लढतात त्यासाठी. बोर्दो समुद्राजवळ, वसंतात पाऊस, म्हणजे डाऊनीचं माहेरघर, आपण मारतो ते बोर्डो मिश्रण तिथलंच, १८८५ मध्ये मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना घेऊन मांडलेलं. या लोकांना तांबंही मोजूनच वापरता येतं आणि आंतरप्रवाही (वेलीच्या आत शिरणारं) बुरशीनाशक अजिबात नाही. २००७ ला डाऊनीपुढे त्यांना रासायनिक फवारणी करावी लागली, बायोडायनॅमिकचं प्रमाणपत्र लांबलं, ते २०१० ला मिळालं. २०१८ ला परत डाऊनी आली, बरंचसं पीक गेलं, तरी यावेळी रासायनिक घेतलं नाही. घड डोळ्यांदेखत वाळताना औषध हातात असून न मारणं काय असतं हे ज्याने बाग केलीये त्यालाच कळेल. अशा बागेत माणूस रोज पानं उलटून बघतो, पर्यायच नसतो, आणि माझ्या मते द्राक्षाचा दर्जा त्या बघण्यातून येतो.

मीरा_ठाणे
वरचं सगळं पटलं. बाटलीबद्दल: २०१४ ला तिकडे उन्हाळा थंड गेला पण सप्टेंबर-ऑक्टोबर छान कोरडं मिळालं, कॅबर्ने ही तिथली काळी द्राक्षं व्यवस्थित पिकली. आता पिता येईल, चांगल्या सेलरमध्ये अजून बरीच वर्षं टिकली असती पण पुण्याचा एप्रिल-मे कपाटात काढायला लावू नका, उष्णतेने वाईन शिजल्यासारखी होते. आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल, मग अर्धा तास फ्रिजमध्ये, १७-१८ अंशाला आली की उघडून जगमध्ये ओता आणि दोन तास तशीच राहू द्या. सोबत मटण घ्या पण तांबडा रस्सा नको, तिखटाने टॅनिन (रेड वाईनमधला तुरटपणा देणारा घटक) अजून तुरट लागतं. मिरपुडीवर भाजलेल्या मटणाच्या चापा (चॉप्स) उत्तम.

चिन्मय_पुणे
धन्यवाद मंडळी, मग दिवाळीलाच उघडतो, भाऊही तोपर्यंत इथेच आहे. निफाडवाले दादा, तुमच्याकडे शिंगखत कोण करतं ते सांगाल का, बघायला यायचंय.