नारिताला नऊ तास मिळाले म्हणून टोकियोला धावायचंच का?

खिडकीवाला (धागाकर्ता)

एकच पोस्ट तीन ग्रुपांवरून फिरून काल चौथ्यांदा माझ्याकडे आली, म्हणून हा धागा. मथळा असा की जपानात नऊ तासांचा लेओव्हर (दोन विमानांमधला थांबा) मिळूनही विमानतळावर बसून राहतो तो प्रवासीच नव्हे. खाली यादी: शिबुयाचं क्रॉसिंग, आसाकुसाचं देऊळ, टोकियो टॉवर, वाडगाभर रामेन, आणि वर 'तरी दोन तास उरतात'. लिहिणाऱ्याकडे घड्याळ नव्हतं की नकाशा, देव जाणे.

हिशोब मांडू. विमान सकाळी साडेसातला टेकलं. दारातून बाहेर, चालणं, इमिग्रेशनची रांग, बोटांचे ठसे, कस्टम: सव्वा तास, तोही नशीब बरं असेल तर. नारिता विमानतळ टोकियोत नाही, चिबा प्रांतात आहे, शहरापासून साठेक किलोमीटरवर. स्कायलायनर ही जलद गाडी टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला चाळीस मिनिटांच्या आत नेते हे खरं, पण ती आपली वाट बघत उभी नसते. पुढे यामानोते लाइनने शिबुया आणखी अर्धा तास. फलाट शोधणं आणि चुकणं धरून जायला दीड तास, यायला दीड. सुटण्याआधी दोन तास परत हजर. नवातून सव्वासहा गेले, राहिले पावणेतीन. त्यात चार ठिकाणं म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाला चार घरी जाऊन यावं तसं, प्रत्येक दारात एक चमचा.

माझं म्हणणं साधं आहे. विमानतळावरून केइसेई रेल्वेची साधी गाडी दहा मिनिटांत नारिता गावात सोडते. तिथलं शिनशोजी देऊळ इ. स. ९४० पासूनचं आहे. स्टेशनापासून उतरत जाणारी जुनी वाकडी गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि देवळात दिवसातून अनेकदा होम होतो. होय, होमच. ते 'गोमा' म्हणतात, शब्द आपलाच. ढोल घुमतो, ज्वाळा उठतात आणि लोक आपल्या पिशव्या-पाकिटं पुजाऱ्यांकडे देऊन आगीची धग लावून घेतात. मी गेलो तेव्हा मंत्र 'नोमाकु सामांदा बाझारादा' असा ऐकू आला. ते मुळात 'नमः समन्तवज्राणां' आहे हे कळल्यावर अंगावर काटा आला होता. चार तासांत सगळं आटोपून मी गेटवर पाय पसरून बसलो होतो.

आणि त्या पोस्टीत व्हिसाबद्दल अक्षर नाही. भारतीय पासपोर्टवर यातलं काहीच विनाव्हिसा होत नाही, हे सांगायला काय शाई लागत होती?

रानोमाळ

हिशोब छान आहे, फक्त बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचा आहे.

१. बॅग थेट शेवटपर्यंत चेक-इन आहे, पुढचा बोर्डिंग पास खिशात आहे, तर दोन तास आधी येऊन काय करायचं? मी सव्वा तास आधी येतो. आजवर विमान चुकलेलं नाही.
२. शिबुया हवंच कशाला? स्कायलायनर थेट उएनोपर्यंत जाते. स्टेशनातून बाहेर पडलात की बाग, बागेत शिनोबाझु तळं, तळ्याच्या मधोमध बेन्झाइतेनचं देऊळ. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा.

२०१९ ला दहा तास होते. कमळाच्या पानांनी तळं गच्च भरलेलं, एक आजोबा बाकावर बसून कावळ्यांशी बोलत होते. दोन तास तिथेच बसलो. ते दोन तास मला अजून आठवतात, पुढची पंधरा दिवसांची अमेरिका आठवत नाही. गावातलं देऊळ बघून 'जपान पाहिलं' म्हणायचं तर मग सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा, तेही ओकायामाच्या बागेवरून बेतलंय, आणि व्हिसा लागत नाही.

खिडकीवाला

म्हणजे तुम्ही एकाच ठिकाणी गेलात आणि दोन तास बसलात. चार ठिकाणांच्या यादीविरुद्ध याहून चांगली साक्ष मला शोधूनही मिळाली नसती. आभार.

(बँकेतून निवृत्त नाही. एलआयसीतून.)

नेरळकर

जरा कामाचं विचारतो. आई-बाबा बहिणीच्या बाळंतपणाला सॅन होजेला निघालेत, टोकियोत आठ तास. दोघांना इंग्रजी जेमतेम. कोणीतरी सांगितलं की 'शोअर पास' (व्हिसाशिवाय थोडा वेळ विमानतळाबाहेर पडायची परवानगी) मागितला की मिळतो. खरं का?

टोकियोत_सध्या

नेरळकर, त्या भरवशावर अजिबात राहू नका. शोअर पास कायद्यात आहे, ७२ तासांपर्यंतचा, पण विमान कंपनीने अर्ज करायचा असतो आणि द्यायचा की नाही हे इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो. ती मर्जी आहे, हक्क नाही. बाहेर पडायचंच असेल तर भारतातूनच व्हिसा काढा. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर फोनवर इंटरनेट लावून जिवंत दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. आई-बाबांच्या फोनचं काय करणार ते आधी बघा.

त्याहून महत्त्वाचं: तिकिटावर दोन्ही ठिकाणी 'टोकियो' लिहिलंय, पण विमानतळ एकच आहे ना? उतरणं नारिताला आणि पुढचं विमान टोकियोच्या दुसऱ्या विमानतळावरून, हानेदाहून, अशी स्वस्त तिकिटं सर्रास मिळतात. मग मधे बसने तासभर-दीड तास, आणि व्हिसा लागणारच, फिरायचं असो वा नसो.

नेरळकर

बापरे. बघतो. (बघितलं. एकच आहे, हानेदा. जीव भांड्यात पडला.)

कॅलिफोर्नियाचा_बाळ्या

व्हिसाची एवढी चर्चा का चाललीय? आम्ही सरळ बाहेर पडतो, कोणी काही विचारत नाही.

वक्रोक्ती

बाळ्याशेठ, तुमच्याकडे अमेरिकेचं निळं पुस्तक (पासपोर्ट) असेल तर कोणी विचारणार नाहीच. आमच्या पुस्तकाला हॉटेलचं बुकिंग, बँकेचा उतारा आणि मावशीचं गोत्र विचारतात. धाग्यावर यायच्या आधी वरचे प्रतिसाद वाचायची पद्धत तिकडे बंद झाली का?

कॅलिफोर्नियाचा_बाळ्या

एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. पंचवीस वर्षं तुमच्याच पुस्तकावर रांगा लावल्यात मी पण.

माजघर

सगळे देवळं आणि आगगाड्या सांगताय, पोटाचं कोणी बोलेना! आम्ही कडक शाकाहारी. मागच्या वर्षी मुलाने 'व्हेज उडॉन' (जाड शेवयांचं सूप) म्हणून खाऊ घातलं, वर फक्त पालक आणि कांद्याची पात. घरी आल्यावर कळलं की त्या पाण्यात मासा होता. आठ दिवस जेवण गेलं नाही. माझा सल्ला: दशम्या, गूळ-तुपाची पोळी आणि कोरडी चटणी न्या, आणि विमानतळावरून हलू नका.

टोकियोत_सध्या

काकू, तो 'दाशी'. वाळवलेल्या, धुरावलेल्या मासळीचे पापुद्रे उकळून काढलेलं पाणी. मिसो सूप, उडॉन, सोबा, अंड्याची वडी, सगळीकडे असतो. कोम्बू (समुद्री शैवाल) भरलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, लोक निर्धास्त खातात, त्याच्याही मसाल्यात बरेचदा मासळीचा अर्क असतो. नुसत्या मिठाचा ओनिगिरी त्यातल्या त्यात बरा. बौद्ध मठांचं शोजिन जेवण असतं, त्याचा दाशी शैवाल आणि शिताके अळंब्यांचा.

माजघर

दाशीपेक्षा दशमी बरी, म्हणतेय ते हेच.

रानोमाळ

काकू, रागावू नका, पण हा कळस आहे. सात हजार किलोमीटर उडून जायचं आणि डब्यातली दशमी खायची? मग जायचंच कशाला? माझे एक नातेवाईक क्योतोला नऊ दिवस ठेपल्यांवर राहिले. परत येऊन म्हणाले, जपानी जेवण बेचव असतं. एक घास खाल्ला नव्हता!

माजघर

आमच्या ताटात डोकवायचं तुम्हाला कोणी सांगितलं? मासा खात नाही म्हणजे मला जग बघायची लायकी नाही, असं का? ज्यांना खायचं त्यांनी खावं. मी तुमच्या रामेनला नावं ठेवली नव्हती.

वक्रोक्ती

काकूंची बाजू घ्यावी लागतेय, लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही. 'स्थानिक खाल्लं तरच खरा प्रवासी' हा त्या पोस्टीचाच धाकटा भाऊ आहे. काय बघायचं ते एक ठरवणार, काय गिळायचं ते दुसरा.

रानोमाळ

लायकी काढली नाही. आश्चर्य व्यक्त केलं.

चहाबाज

लोणचं मात्र हातातल्या बॅगेत नेऊ नका. एका विमानतळावर दुसरं विमान पकडताना पुन्हा तपासणी झाली, आईचं लिंबाचं लोणचं 'द्रव' ठरलं. खार होता ना. मी म्हणालो, तेल वरचं काढून टाका हवं तर. त्यांनी बरणीच टाकली, माझ्यासमोर. सतरा वर्षांत आईने कोणाला शिव्या दिलेल्या ऐकल्या नव्हत्या.

खिडकीवाला

विषय नारिताचा होता. पण काकू, त्याच देवळाच्या गल्लीत तुमच्यासाठी गोष्ट आहे. योकान. अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचं गोड पुरण, चायना ग्रासमध्ये घट्ट करून वड्या पाडलेलं. त्यात चेस्टनट घालायची रीत नारितातलीच. पुरणाच्या वडीशी नातं सांगणारी चव आहे, पुरावा म्हणून तीन डबे आणले होते.

माजघर

हे आधी सांगायचं.

अंजिराची_बाग

नारिताचं कौतुक चाललंय म्हणून मुद्दाम लिहितो. तो विमानतळ कशावर उभा आहे ठाऊक आहे का? १९६६ साली सरकारने सानरिझुकाच्या शेतकऱ्यांना न विचारता जागा ठरवून टाकली. पोरंटोरं, म्हाताऱ्या बायका साखळ्यांनी झाडांना बांधून घेत होत्या. दोन्ही बाजूंची माणसं मेली. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये शिरून यंत्रं फोडली, म्हणून ते मे महिन्यात ढकललं. रात्री विमानं बंद ठेवावी लागतात तीही आजूबाजूच्या गावांमुळे. आम्ही पुरंदरचे. अंजीर-सीताफळाच्या बागांवर ड्रोन फिरले तेव्हा आम्हाला 'विकासाला विरोध करू नका' सांगणारे याच संकेतस्थळावर होते. तुमचा लेओव्हर सुखाचा होवो.

रानोमाळ

पुण्याला विमानतळ नको का मग? लोहगाव हवाई दलाचा आहे, किती दिवस...

अंजिराची_बाग

हवा ना. तुमच्या सोसायटीवर घ्या.

वक्रोक्ती

याला उत्तर नाही.

खिडकीवाला

अंजिरवाले, हे मला ठाऊक होतं आणि धाग्यात लिहिलं नाही, हे खरं. गावात फिरताना त्या लढ्याची आठवण कुठे दिसली नाही, किंवा मी शोधली नाही. दुसरंच खरं असावं.

टोकियोत_सध्या

विमानतळाच्या जागेतच अनेक वर्षं एका शेतकऱ्याचं शेत होतं, चारी बाजूंनी विमानं आणि मधे भाजीचे वाफे. टॅक्सीवेला त्यामुळे वळसा पडला होता. खिडकीची सीट असून दिसलं नाही म्हणजे झोपला असाल.

नेरळकर

आई-बाबांचं ठरलं. व्हिसा नको, बाहेर पडणं नको. बाबा म्हणतात आठ तास विमानं बघेन. आई म्हणते झोपेन. व्हीलचेअर सांगून ठेवलीय. लाज वाटावी का?

रानोमाळ

अजिबात नाही हो. माझं म्हणणं धडधाकट माणसांबद्दल होतं.

वक्रोक्ती

'धडधाकट माणसांबद्दल', 'बॅग थेट असेल तर', 'बोर्डिंग पास खिशात असेल तर', 'व्हिसा असेल तर'. रानोमाळ, तुमच्या मताला आता एवढे टेकू लागलेत की त्याखाली मांडव घालता येईल.

रानोमाळ

बरं बाबा. पहिल्यांदा जाणाऱ्याने, सहा-सात तास असतील तर नारिता गावच करावं. आठाच्या वर माझं मत कायम. नोव्हेंबरमध्ये मला साडेसहा तास आहेत, व्हिसा अजून चालू आहे. जाऊन बघतो तुमचा होम. खोटं निघालं तर इथेच येऊन लिहीन.

खिडकीवाला

होमाच्या वेळा त्या दिवशी बघून निघा, रोज त्याच नसतात. येताना गल्लीत दुकानाच्या दारातच पाटावर जिवंत ईल मासे चिरत बसलेले दिसतील, ती तिथली खासियत. खाल्लीत तर फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. धाग्यावर काकू आहेत.

माजघर

काकूंनी वाचलं. योकानचे डबे दोन आणा.