‘कन्व्हर्जन्स’ला मराठीत काय म्हणावं : अभिसरण, संगम की आणखी काही?

कसबेकर
एका कार्यालयासाठी दोन पानी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. जुनं फोनचं वायरिंग निघून सगळे फोन लॅनवर, म्हणजे कार्यालयातल्या संगणकांच्या जाळ्यावर, येणार आहेत. मजकुरात ‘कन्व्हर्ज्ड व्हॉइस अँड डेटा नेटवर्क’ (आवाज आणि डेटा यांचं एकच जाळं) पदोपदी येतं. हिंदी कागदपत्रांत त्याला ‘अभिसरण’ म्हटलेलं आहे. मराठीत तोच ठेवावा का? शिवाय लेटन्सी, जिटर आणि क्वालिटी ऑफ सर्व्हिस यांनाही शब्द हवेत. वाचणारे लिपिक, स्वागतकक्षातले आणि सुरक्षारक्षक आहेत, अभियंते नाहीत.

औंधकर
अभिसरण नको. हिंदीत तो कन्व्हर्जन्ससाठी रुळलाय, पण मराठी माणसाला रक्ताभिसरण आठवतं, म्हणजे फिरत राहणं. शाळेत ‘वहन, अभिसरण, प्रारण’ शिकलेल्याला पातेल्यात तापून वर येणारं पाणी दिसतं. ‘सामाजिक अभिसरण’ म्हटलं की लोकांचं एकमेकांत मिसळणं. तीनही अर्थ पक्के आहेत आणि तुमच्या फोनला एकही लागू नाही.

गंमत अशी की ‘अभिसारी’ हे विशेषण मराठीत बरोबर अर्थाने आहे. बहिर्गोल भिंगाला अभिसारी भिंग म्हणतात, कारण ते किरण एका बिंदूकडे आणतं. पण ‘अभिसारी जाळं’ लिहिलं तर साहित्य वाचणाऱ्याला प्रियकराला भेटायला निघालेली अभिसारिका आठवेल. माझं मत ‘संगम’ला. पुण्यात तो कुणाला समजवावा लागत नाही.

हडपसरकर
औंधकर, संगम ऐकायला गोड आहे, पण अर्थाने चुकतो. संगम पुलाजवळ मुळा आणि मुठेचं पाणी एकदा मिसळलं की पुन्हा वेगळं काढता येत नाही. इथे नेमकं उलटं आहे. तार एक, पण आवाजाचं प्रत्येक पॅकेट (जाळ्यातून जाणारा छोटा तुकडा) ओळखता यायला हवं आणि रांगेत पुढे काढता यायला हवं. ते जिथे जमत नाही तिथे फोन बिघडतात.

आकड्यांत सांगतो. जी.७११ कोडेकमध्ये (आवाजाचे बिट करण्याच्या पद्धतीत) आवाज सेकंदाला ६४ हजार बिट. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात, म्हणजे १६० बाइट. त्यावर आयपी २०, यूडीपी ८, आरटीपी १२, असे ४० बाइट नुसते पत्त्याचे आणि क्रमांकाचे. सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणून ६४ चे ८० किलोबिट होतात. इथरनेटचे १८ बाइट धरले की ८७.२. एकाच वेळी दहा कॉल चालले तरी येताना-जाताना प्रत्येकी ९०० किलोबिटच्या आतच. म्हणजे बँडविड्थ क्वचितच कमी पडते, खरी अडचण रांगेची. अपलोड १ मेगाबिट असेल तर १,५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद घेतं. कुणी मोठी फाइल चढवायला लावली आणि राउटरमध्ये अशी २० पॅकेटं आधीच उभी असली, तर मागच्या आवाजाला तिथेच २४० मिलिसेकंद उशीर. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असावा. त्यापुढे दोघं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात.

म्हणून शब्द असा हवा, ज्यातून ‘एकाच वाटेने’ कळेल पण ‘मिसळून गेलं’ असं वाटणार नाही.

धायरीकर
मग ‘एकवटणे’ हा आपला रोजचा शब्द समोरच आहे. बळ एकवटलं, माणसं एकवटली. एकत्र आली, पण ज्याची त्याची ओळख राहिली. ‘आवाज आणि डेटा एकाच जाळ्यात एकवटणं’, ‘एकवटलेलं जाळं’. क्रियापद असल्यामुळे वाक्यात वाकवता येतं, आणि लिपिकाला कोश उघडावा लागत नाही.

आणि कृपा करून डेटासाठी ‘विदा’ नको. शब्द चांगला आहे, लेखात मीही वापरतो, पण भिंतीवरच्या सूचनेत ‘डेटा’च.

औंधकर
एकवटणे मान्य, संगम मागे घेतो. मात्र ‘आवाज आणि डेटा’ या जोडीने एक गैरसमज राहतो. दोन सारख्या गोष्टी एकत्र आल्यात असं वाटतं. प्रत्यक्षात आवाजच डेटा झाला. पूर्वी पीआरआय लाइनवर (कार्यालयांना मिळणाऱ्या अनेक कॉलच्या एका लाइनवर) ३० कॉल म्हणजे ३० राखीव खाने. कुणी बोलो ना बोलो, ६४ किलोबिटचा खाना अडकलेला. आता राखीव काहीच नाही. पत्रकात हे एका वाक्यात यावं: ‘फोनसाठी वेगळी तार राहिलेली नाही, आवाजही संगणकाच्या जाळ्यातूनच जातो.’

हडपसरकर
अगदी. आता बाकीचे शब्द.

लेटन्सी = विलंब. जिटरला कोशात ‘थरथर’ सापडेल, ते टाळा, वाचणाऱ्याला वाटेल आवाज थरथरतोय. बसथांब्यावर विचार करा. प्रत्येक बस दहा मिनिटं उशिरा, पण ठरल्या अंतराने येते, तो विलंब. अर्धा तास एकही नाही आणि मग तीन एकापाठोपाठ, ते जिटर. फोन थोडी पॅकेटं साठवून एकसारख्या अंतराने वाजवतो, पण साठ्याच्या मर्यादेपेक्षा उशिरा आलेलं पॅकेट फेकून देतो. म्हणून कानाला शब्दाचा मधला तुकडा गेलेला ऐकू येतो. शब्द ‘जिटर’च ठेवा, समजावताना ‘पॅकेटांमधलं कमीजास्त अंतर’. पॅकेट लॉसला, म्हणजे पॅकेटं वाटेत हरवण्याला, ‘गळती’, ती १ टक्क्याच्या आत हवी.

क्वालिटी ऑफ सर्व्हिसला ‘सेवागुणवत्ता’ म्हणाल तर लोक तक्रारपेटी शोधतील. तिथे अर्थ एवढाच, की रांगेत कुणाला आधी सोडायचं. ‘अग्रक्रम’ लिहा. फोनच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही ‘आधी सोडा’ सांगणारी खूण, स्विचवर फोनसाठी वेगळी व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं जाळं), आणि राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर. ही शेवटची गोष्ट हमखास राहते. मर्यादा नसेल तर रांग तुमच्या राउटरऐवजी पुढच्या मोडेममध्ये लागते, आणि तिथे तुमचा अग्रक्रम कुणी विचारत नाही.

धायरीकर
तक्रार नोंदवण्याचे शब्दही द्या. ‘फोन खराब आहे’ एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. ‘आवाज तुटतो’ म्हणजे जिटर किंवा गळती. ‘आवाज घुमतो’ म्हणजे प्रतिध्वनी, तो बहुधा पलीकडच्या टोकाला तयार होतो. ‘एकतर्फी आवाज’ म्हणजे मला ऐकू येतं, त्यांना नाही. यात नेटवर्कवाल्याने आधी राउटरमधली एसआयपी एएलजी ही फोन-कॉलच्या पॅकेटांत हात घालणारी सोय बंद करून पाहावी. ती पॅकेटातला पत्ता बदलायला जाते आणि चुकीचा घालून ठेवते. ‘बटण दाबून पलीकडे कळत नाही’ ही चौथी. जी.७२९ सारख्या, आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकमधून बटणांचे सूर मोडतात, म्हणून ते आवाजातून न पाठवता आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या मानकाप्रमाणे वेगळे पाठवायचे. फॅक्सचंही तसंच, त्याला जी.७११ किंवा टी.३८ (जाळ्यावरून फॅक्स पाठवण्याचं मानक) लागतं.

कसबेकर
चारही तक्रारींचे शब्द तसेच घेते. आता शेवटची सूचना पाहा, प्रत्येक फोनखाली चिकटवायची: ‘विद्युत पुरवठा खंडित झाल्यास दूरध्वनी सेवा उपलब्ध असणार नाही.’

औंधकर
अर्थ बरोबर, पण सुरक्षारक्षक दोनदा वाचेल. ‘वीज गेली की हा फोन बंद पडेल’ असं लिहा. आणि हे ठळक हवं, कारण जुन्या फोनला एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवर ४८ व्होल्ट येत. घरात अंधार असला तरी तो वाजायचा, आणि लोकांच्या डोक्यात तेच आहे.

हडपसरकर
त्यात एक दुरुस्ती. यूपीएस असेल तर ‘बंद पडेल’ खोटं ठरतं. फोन, पीओई स्विच (जाळ्याच्या तारेतूनच फोनला वीज देणारा), राउटर आणि फायबरचं ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडते ती पेटी) हे सगळं एकाच यूपीएसवर हवं. नुसत्या फोनला बॅटरी देऊन उपयोग नाही. एका फोनला ५ वॅट धरा, म्हणजे वीस फोनांना १०० वॅट. वर स्विच, राउटर, ओएनटी वेगळं. तेवढ्यावर यूपीएस किती वेळ टिकतो ते प्लग काढून मोजा आणि तोच आकडा छापा: ‘वीज गेली की हा फोन ___ मिनिटं चालेल. त्यानंतर मदतीसाठी मोबाइलवरून ११२ लावा.’

धायरीकर
आणि कसबेकरताई, लिफ्टमधला फोन वेगळा तपासा. जुनी तार काढताना तो बहुधा यादीत नसतो.